नवव्या डावाचा जमाखर्च

व्यवसाय आधी जन्माला येतो आणि त्याची मोजदाद मागाहून सुरू होते, असा आपला सर्वसाधारण समज आहे. जमीन आधी कसली जाते व तिची पैमाश नंतर होते; व्यापार आधी चालतो व त्याची खतावणी नंतर घातली जाते; आणि म्हणून हिशेबनीस हा कर्त्या माणसाच्या पाठीमागून चालणारा, त्याच्या कृतीची निमूटपणे नोंद घेणारा, स्वतः काहीही न घडविणारा असा एक निरुपद्रवी प्राणी आहे, असे आपण धरून चालतो. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये रिलीफ पिचर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळाडूचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास मात्र या समजुतीच्या मुळावरच घाव घालतो. या खेळाडूला प्रतिष्ठा दिली ती हिशेबाने, त्याच्या कामाची मर्यादा आखली तीही हिशेबाने, आणि त्याच्या पेशातला जो भाग सर्वांत कठीण, त्याला दृष्टीआड करून ठेवले तेही हिशेबानेच, असे माझे मत आहे.

बेसबॉलशी ज्यांचा परिचय नाही अशा वाचकांसाठी दोनचार गोष्टी सांगणे प्राप्त आहे. सामना नऊ डावांचा असतो. प्रत्येक डावात दोन्ही संघ आळीपाळीने फलंदाजी करतात आणि तीन गडी बाद झाले की पाळी संपते. फलंदाजी करणारा बेस नावाचे तीन टप्पे ओलांडून घरी परतला की एक धाव होते. क्रिकेटमध्ये षटकागणिक गोलंदाज बदलतो आणि थकलेला गोलंदाज विसावा घेऊन पुन्हा चेंडू हाती घेतो. बेसबॉलमध्ये एकच पिचर अखंड फेकत राहतो, आणि त्याला एकदा सामन्यातून काढून घेतले की त्या दिवसापुरते मैदानाचे दार त्याला बंद होते. त्याच्या जागी जो येतो तो रिलीफ पिचर. अशी सातआठ माणसे कुंपणालगतच्या बुलपेन नावाच्या आवारात बाकावर बसून असतात. तेथला टेलिफोन खणखणतो, मॅनेजरचा हुकूम येतो, एक जण उठून खांदा मोकळा करू लागतो, पंधरावीस चेंडू फेकतो, अंग तापते, श्वास लयीत येतो. आणि इतक्यात मैदानावरचा पिचर आपला आपण सावरला, तर पुन्हा टेलिफोन वाजतो व त्याला खाली बसण्यास सांगण्यात येते. तासाभराने हाच प्रकार पुन्हा होऊ शकतो. खांद्याची झीज व्हायची ती झालेलीच असते. परंतु सामन्याच्या अधिकृत तपशिलात त्या माणसाचे नावदेखील नसते.

प्रारंभीच्या काळी या मंडळींना प्रतिष्ठा नव्हती, आणि ते स्वाभाविकही होते. ज्याने सामना सुरू केला त्यानेच तो तडीस न्यावा ही अब्रूची गोष्ट मानली जात असे. मागाहून येणारा बहुधा कारकीर्द संपत आलेला वृद्ध किंवा अद्याप कसोटीस न उतरलेला पोरगा असावयाचा. १९२०च्या दशकात वॉशिंग्टनच्या संघाने फर्पो मारबेरी या दणकट तरुणाला मुद्दाम उत्तरार्धासाठी राखून ठेवण्याचा प्रघात पाडला, आणि १९२४ साली त्या संघाने वर्ल्ड सिरीज ही वर्षाची अंतिम मालिका जिंकली, तरीही इतरांना त्याचे अनुकरण करण्याची फारशी निकड भासली नाही. पुढे १९५२ साली न्यूयॉर्क जायंट्सकडून हॉइट विल्हेल्म नावाचा एक इसम प्रथमच वरिष्ठ मैदानावर उतरला. तो तिशीच्या उंबरठ्यावर होता; दुसऱ्या महायुद्धात युरोपातील आघाडीवर तो जखमी झालेला होता; आणि त्याचे एकमेव शस्त्र म्हणजे नकलबॉल, म्हणजे बोटांच्या टोकांनी धरून जवळजवळ फिरकीविना सोडलेला, वाऱ्यावर हेलकावे खात जाणारा, आपल्या कॅचरलाही चकविणारा मंद चेंडू. त्या वर्षी तो ७१ सामन्यांत खेळला आणि त्यांतला एकही सामना त्याने सुरू केला नाही. तरीही नऊ डावांमागे दिलेल्या धावांच्या सरासरीत संपूर्ण नॅशनल लीगमध्ये त्याचा क्रमांक पहिला लागला. (पदार्पणाच्या वर्षी फलंदाजीच्या पहिल्याच खेपेस त्याने होमरन मारला व त्यानंतरच्या वीस वर्षांत एकही मारला नाही, ही गोष्ट प्रस्तुत विषयाशी संबंध नसूनही सांगितल्यावाचून राहवत नाही.) पन्नाशीला टेकेपर्यंत विल्हेल्म खेळत राहिला. परंतु त्याला सन्मानाच्या दालनात, म्हणजे हॉल ऑफ फेममध्ये, प्रवेश मिळाला तो १९८५ साली, आणि तसा तो मिळविणारा तो पहिलाच रिलीफ पिचर होता. या विलंबाचे कारण शोधू गेल्यास आपण थेट जमाखर्चाच्या वहीपाशी येऊन पोहोचतो.

त्या काळी पिचरच्या खात्यावर मुख्यत्वे दोनच रकाने असत : जय आणि पराजय. आता हे रकाने मागाहून येणाऱ्याला लावले की काय अनर्थ होतो, याचा नमुना १९५९ साली पिट्सबर्गच्या एल्रॉय फेसने पेश केला. बुटक्या बांध्याच्या या पिचरने त्या वर्षी १८ सामने जिंकले व अवघा एक गमावला. आकडा डोळे दिपविणारा खरा. परंतु शिकागोचा जेरोम होल्टझमन नावाचा क्रीडावार्ताहर तो बारकाईने तपासू लागला तेव्हा त्याच्या ध्यानात आले, की यांतल्या कित्येक सामन्यांत फेस आला तेव्हा त्याचा संघ आघाडीवर होता, फेसने ती आघाडी घालविली, आणि मग त्याच्या फलंदाजांनी पुन्हा धावा काढून त्याला वाचविले. म्हणजे ज्या दिवशी त्याने आपले काम चोख बजावले त्या दिवशी श्रेय पहिल्या पिचरला, आणि ज्या दिवशी तो चुकला त्या दिवशी विजय त्याच्या नावावर रुजू! यावर उतारा म्हणून होल्टझमनने ‘सेव्ह’ नावाचा एक नवा रकाना सुचविला. हाती आलेली आघाडी जो शेवटपर्यंत सांभाळतो, त्याच्या खात्यावर एक सेव्ह जमा व्हावा, इतकी ही साधी कल्पना होती. १९६९ साली तिला अधिकृत मान्यता मिळाली आणि १९७५ साली तिची कलमे आज आहेत तशी ठरली : आघाडी तीन धावांहून अधिक नसेल तर किमान एक पूर्ण डाव टाकावा, किंवा बरोबरी साधू शकणारा फलंदाज बेसवर, खेळपट्टीवर अथवा पुढच्या पाळीला उभा असताना यावे, किंवा किमान तीन डाव परिणामकारक रीतीने टाकावेत, आणि कोणत्याही परिस्थितीत सामन्याचा शेवटचा गडी याच्याच हातून बाद व्हावा.

न्यायबुद्धीने केलेल्या या दुरुस्तीतून एक संपूर्ण वर्ग उदयास आला. रकाना मिळाला, म्हणून वर्षाअखेर सांगावयास आकडा मिळाला. आकडा मिळाला, म्हणून करारनाम्याच्या वाटाघाटीत बोलण्यास तोंड फुटले. आणि वेतन वाढले तसा मान वाढला. येथवर होल्टझमनचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु रकान्याला स्वतःचा असा एक ओढा असतो. १९७०च्या दशकातील मोठे रिलीफ पिचर हे संकट जेथे असेल तेथे धावत जाणारे होते. लॉस एंजेलिसच्या माइक मार्शलने १९७४ साली १०६ सामन्यांत मिळून २०८ डाव टाकले, ही गोष्ट आज कोणा मॅनेजरला सांगितली तर तो वेड्यात काढील. २ ऑक्टोबर १९७८ रोजी बोस्टनच्या फेनवे पार्कवर, एका सामन्याने वर्षाचा निकाल लागणार असताना, न्यूयॉर्क यांकीजचा गूस गॉसेज सातव्या डावात आला, आठव्यात दोन धावा देऊन बसला, आणि तरीही त्यालाच नववा डाव देण्यात आला. बरोबरीचा धावपटू तिसऱ्या बेसवर उभा असताना त्याने कार्ल यास्ट्रझेम्स्कीकडून झेल उडवून घेतला व संघ ५-४ असा जिंकला. त्यानंतर दहा वर्षांनी ओकलंडला टोनी ला रुसा या मॅनेजरने डेनिस एकर्सलीची जी योजना केली ती पूर्णपणे निराळ्या बेताची होती. एकेकाळी सामने सुरू करणारा, बोस्टनसाठी एका वर्षात २० विजय मिळविलेला, आणि मद्यपानाच्या विळख्यातून नुकताच सुटलेला हा पिचर केवळ नवव्या डावासाठी, केवळ आघाडी असताना, केवळ तीन गडी बाद करण्यासाठी राखून ठेवण्यात आला. १९८८ साली त्याने ४५ सेव्ह मिळविले. १९९२ साली तर उत्कृष्ट पिचरचा सन्मान आणि लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान, दोन्ही एकाच वर्षी त्याच्याकडे चालत आले. मग सर्व संघांनी हाच कित्ता गिरविला. क्लोजर नावाचा हुद्दा निर्माण झाला आणि त्याची हद्द सेव्हच्या कलमांशी तंतोतंत जुळू लागली. कलम कामाला अनुसरण्याऐवजी काम कलमाला अनुसरू लागले.

या हद्दीचे फलित काय, हे पाहू जाता हाती येणारा आकडा मोठा उद्बोधक आहे. आघाडी घेऊन नवव्या डावात शिरलेला संघ, क्लोजर हा शब्द कोणाच्या स्वप्नातही नव्हता तेव्हा, १०० पैकी सुमारे ९५ सामने जिंकत असे. आज, कोट्यवधी डॉलर वेतनाचा खास माणूस त्या डावासाठी राखून ठेवल्यावरही, तो सुमारे तितकेच जिंकतो. उलट सातव्या डावात, एका धावेची आघाडी, तिन्ही बेस भरलेले आणि एकही गडी बाद नाही, अशा क्षणी सामन्याचे भवितव्य खरोखरी दोलायमान असते, आणि नेमक्या त्या क्षणी संघातला सर्वोत्तम पिचर बाकावर बसून नवव्या डावाची वाट पाहत असतो.

बरे, त्या सातव्या डावात जो येतो त्याचा हिशेब कसा ठेवला जातो? येथे दप्तराची तऱ्हा अशी आहे, की आधीच्या पिचरने बेसवर सोडून गेलेले धावपटू पुढे धाव पूर्ण करते झाले, तर त्या धावा आधीच्याच्याच नावे पडतात. तिन्ही बेस भरलेले असताना आलेल्या माणसाने पहिल्याच चेंडूवर सणसणीत फटका खाल्ला, तिघेही धावपटू घरी पोहोचले, आघाडी गेली, आणि मग त्याने पुढचे तीन गडी बाद करून पाळी संपविली, तर त्याच्या खात्यावर दिलेल्या धावा : शून्य. आता याच माणसाने त्या तिघांपैकी एकालाही हलू न देता तीन गडी ओळीने बाद केले व हातून निसटू पाहणारा सामना राखला असे समजा. तरी त्याच्या खात्यावर दिलेल्या धावा : शून्यच. कचेरीत चार्ज घेणाऱ्या नव्या कारकुनाने तिजोरीतली तूट वाढविली काय आणि भरून काढली काय, दोन्ही जुन्याच्या नावे लिहिली जावी, तशातला हा प्रकार आहे. अपयश आणि पराक्रम यांची नोंद जेथे एकाच अंकाने होते, तेथे पराक्रमाचे पारितोषिक कोण कोणाला देणार? पुढे आकडेशास्त्र्यांनी अशा वारशाने आलेल्या धावपटूंचा निराळा रकाना उघडला हे खरे, परंतु तो अभ्यासकांच्या वहीत राहिला; वृत्तपत्राच्या तक्त्यात, आणि म्हणून लोकांच्या मनात, सेव्ह राहिला.

कलमाने काम कसे ग्रासले जाते, याचे उदाहरण म्हणून ४ ऑक्टोबर २०१६ची टोरोंटो येथील रात्र पुढे कित्येक वर्षे सांगितली जाईल. बाल्टिमोरच्या झॅक ब्रिटनने त्या वर्षी ४७ वेळा आघाडी सांभाळण्याचे काम अंगावर घेतले व ४७ वेळा ते पार पाडले. नऊ डावांमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी ०.५४ होती. हरणाऱ्याने घरी जावयाचे, अशा त्या एकमेव सामन्यात धावसंख्या २-२ अशी बरोबरीत राहिली आणि डाव अकरावा सुरू झाला. पाहुण्या संघाच्या क्लोजरने आघाडी मिळेपर्यंत थांबावयाचे असा रिवाज आहे, कारण आघाडीवाचून सेव्ह नाही. मॅनेजर बक शोवॉल्टर या रिवाजाला जागला. ब्रिटन बुलपेनमध्ये राहिला. चेंडू गेला उबाल्दो हिमेनेझकडे. दोन फटक्यांनी दोन गडी बेसवर आले, आणि एडविन एन्कार्नासियोनने पुढचाच चेंडू प्रेक्षकांत भिरकावून दिला. त्या वर्षीचा सर्वांत भरवशाचा रिलीफ पिचर एकही चेंडू न टाकता घरी परतला. शोवॉल्टर हा काही अडाणी माणूस नव्हता. चतुर मॅनेजरांत त्याची गणना होत असे. म्हणूनच हे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते : रिवाज अंगी मुरला की चतुर माणसालाही रकान्यापलीकडचे दिसेनासे होते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. नववा डाव हा गणिताचा नव्हे, काळजाचा प्रश्न आहे. तेथे चुकीला दुरुस्ती नाही. म्हणून तेथे विशिष्ट मनोधर्माचाच माणूस लागतो, असे खेळाडू स्वतःच सांगतात. शिवाय मार्शलसारखे दोनदोनशे डाव टाकणाऱ्यांचे खांदे फार वर्षे टिकत नसत, आणि कामाला हद्द पडल्यामुळेच आजचा पिचर चाळिशीपर्यंत पोट भरू शकतो, हेही नाकारता येत नाही. (गॉसेज मात्र आजच्या क्लोजरांविषयी जाहीरपणे कडवट बोलत आला आहे; तो म्हातारपणाचा चिडखोरपणा म्हणून सोडून देता येईल, पण त्यात तथ्य मुळीच नाही असे नव्हे.) आणि आक्षेप घेणारा शेवटी ज्याच्याकडे बोट दाखवील तो मारियानो रिव्हेरा.

पनामातील पुएर्तो काइमितो या कोळ्यांच्या गावात वाढलेला, बापाच्या होडीवर मासेमारी केलेला, अवघ्या काही हजार डॉलरांच्या मोबदल्यात १९९० साली यांकीजच्या पटावर नाव दाखल झालेला हा कृश मनुष्य. १९९७ साली सरावात चेंडू फेकताना आपला चेंडू शेवटच्या क्षणी बाजूला वळतो आहे असे त्याला आढळले. प्रथम त्याने ते वळण घालविण्याचा यत्न केला, आणि ते जाईना तेव्हा त्याच्यावरच आपली कारकीर्द उभारली. कटर नावाचा तो एकच चेंडू तो पुढली सोळा वर्षे टाकीत राहिला. येणार काय हे फलंदाजाला ठाऊक असे, तरी बॅटीच्या मध्यावर यावयाचा चेंडू मुठीजवळ येऊन थडके आणि बॅट मोडे. अशा मोडक्या बॅटींची एक झुलती खुर्ची करून निवृत्तीच्या वर्षी मिनेसोटाच्या संघाने ती त्याला नजर केली. ६५२ सेव्ह हा उच्चांक त्याच्या नावावर आहे.

परंतु रिव्हेराचे दप्तर नीट चाळले तर ते माझ्याच बाजूने साक्ष देते. १९९६ साली तो क्लोजर नव्हता. तो मान जॉन वेटलँडकडे होता. सातव्या-आठव्या डावात येणे, कित्येकदा दोन-दोन डाव टाकणे आणि वेटलँडच्या हाती आयती आघाडी सोपविणे हे रिव्हेराचे काम. त्या वर्षी त्याने १०७ डाव टाकले, १३० फलंदाजांना चकवून बाद केले, आणि उत्कृष्ट पिचरच्या मतदानात तो तिसरा आला. पुढे क्लोजर झाल्यावर एका वर्षात त्याने इतके काम पुन्हा कधी केले नाही. त्याच्या खात्यावर त्या वर्षी जमा झालेले सेव्ह पाच. वर्ल्ड सिरीजमधील सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान मिळाला तो चार सेव्ह मिळविणाऱ्या वेटलँडला. तसेच वर्षाअखेरच्या निर्णायक फेऱ्यांत, जेथे हरणे परवडत नाही, तेथे यांकीजने एका डावाचा रिवाज गुंडाळून ठेवला : रिव्हेराच्या तेथील ४२ सेव्हपैकी बहुसंख्य एका डावाहून अधिक काळ टाकून मिळविलेले आहेत, आणि १४१ डावांत त्याची सरासरी आहे ०.७०. म्हणजे प्रसंग गांभीर्याचा आला की हद्द मोडावीच लागते हे सर्वांना ठाऊक आहे. अज्ञान कोणाचेच नाही.

आणि त्या काळजाच्या प्रश्नाविषयी. ४ नोव्हेंबर २००१ रोजी ॲरिझोनात वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात २-१ अशी आघाडी रिव्हेराच्या हाती आली. आठव्या डावात त्याने तीन फलंदाजांना चकवून बाद केले. नवव्यात पहिला फटका बसला; मग हलकेच टेकविलेला एक चेंडू स्वतः उचलून दुसऱ्या बेसकडे फेकताना त्याचा नेम चुकला; मग टोनी वॉमॅकच्या फटक्याने बरोबरी झाली, एका फलंदाजाला चेंडू लागला, आणि तिन्ही बेस भरलेले असताना लुईस गॉन्झालेझची बॅट नेहमीप्रमाणे त्याच कटरने मोडली. मोडक्या बॅटीचा तो अर्धवट उडालेला चेंडू, क्षेत्ररक्षकांना पुढे बोलाविलेले असल्यामुळे, क्षेत्ररक्षक डेरेक जीटरच्या डोक्यावरून जाऊन गवतावर पडला. जगातील सर्वांत निश्चल मनाच्या पिचरचे मन त्या रात्री डळमळले होते असे कोणी म्हटलेले नाही; चेंडूही पडावा तसाच पडला होता. नवव्या डावाचे गूढ म्हणून जे सांगितले जाते त्यातला मोठा भाग हा असा, क्षेत्ररक्षणाच्या दोन पावलांचा आणि लाकडाच्या एका ढलपीचा असतो.

अलीकडे या व्यवस्थेला तडे जाऊ लागले आहेत. २०१८ साली टॅम्पा बे संघाने सर्जिओ रोमो या मुरब्बी रिलीफ पिचरला नवव्याऐवजी पहिल्याच डावात उतरवून सर्वांना बुचकळ्यात पाडले. मैदानात येणाऱ्या पिचरने किमान तीन फलंदाजांना तोंड द्यावे, किंवा पाळी संपवावी, असा दंडक २०२० पासून झाला. हे ठीकच आहे. परंतु मधल्या डावांचा पिचर अद्याप तसाच आहे : आज वरिष्ठ संघात, परवा कनिष्ठ संघात, पुन्हा आठवड्याने विमानात. एका हंगामात अशी ने-आण पाच वेळांहून अधिक करू नये, एवढी सवलत २०२२च्या करारनाम्यात मिळविण्यास खेळाडूंच्या संघटनेला झगडावे लागले.

हॉल ऑफ फेममध्ये २०१९ साली रिव्हेराला ४२५ पैकी ४२५ मते पडली. असे एकमत त्यापूर्वी कोणाच्याही वाट्याला आले नव्हते. २०२५ साली ४२२ सेव्ह मिळविणारा बिली वॅग्नर दहाव्या, म्हणजे शेवटच्या संधीस का होईना, निवडून आला. आता जेसी ओरोस्को या डावखुऱ्याचे खाते पाहा : १९७९ ते २००३, नऊ संघ, १,२५२ सामने. बेसबॉलच्या इतिहासात याहून अधिक सामन्यांत दुसरा कोणताही पिचर उतरलेला नाही. तरुणपणी तो क्लोजर होता आणि १९८६च्या वर्ल्ड सिरीजचा शेवटचा गडी त्यानेच बाद केला. पण कारकिर्दीचा उत्तरार्ध त्याने बव्हंशी इतरांनी भरून ठेवलेल्या बेसांवर, एखाददुसऱ्या डावखुऱ्या फलंदाजाला बाद करण्यापुरते येऊन काढला. २००९ साली त्याचे नाव मतदारांपुढे आले तेव्हा त्याला एक मत पडले. पाच टक्क्यांहून कमी मते मिळाल्यास नाव मतपत्रिकेवरून काढावे असा नियम आहे, आणि तो अमलात आणण्यात आला.